मतदारयादीतलं नाव आणि नळाचं पाणी

महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट आपल्याकडे २० मार्च १९२७ला सुरू होते आणि त्याच दिवशी संपते. बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी प्यायलं, मागोमाग परिषदेला आलेले लोक प्यायले, मग गावात देवळात शिरण्याची अफवा उठली आणि परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. जयंतीच्या भाषणांत आणि शाळेच्या पुस्तकात एवढंच येतं. मला या गोष्टीचा आधीचा आणि नंतरचा कंटाळवाणा भाग जास्त मोलाचा वाटतो. त्यात विधिमंडळाचे ठराव आहेत, नगरपालिकेचे ठराव आहेत, एक मनाई हुकूम आहे आणि दहा वर्षं रेंगाळलेला एक दिवाणी दावा आहे.

ऑगस्ट १९२३मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४मध्ये त्याला धरून आपलं तळं खुलं केलं. कागदावर काम फत्ते. पण तीन वर्षांत त्या तळ्यावर दलिताची एक घागर बुडली नाही. १९२६ला बोल्यांनी दुसरा ठराव आणला: जी नगरपालिका हे पाळत नाही तिचं अनुदान रोखा. तरीही महाडात ढिम्म. म्हणून १९२७चा सत्याग्रह. आणि सत्याग्रहानंतर काय झालं? त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये गावातले सनातनी कोर्टात गेले, तळ्यावर स्पृश्यांचाच हक्क आहे असा दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दुसऱ्या परिषदेसाठी माणसं जमली होती, पण बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं तहकूब केलं. हुकूम मोडायचा की पाळायचा, यावर परिषदेत बराच खल झाला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, ती या पार्श्वभूमीवर.

दावा महाडच्या कोर्टातून ठाण्याला आणि तिथून मुंबई हायकोर्टात गेला. १७ मार्च १९३७ला न्या. ब्रूमफिल्ड आणि न्या. वाडिया यांनी सनातन्यांचं अपील फेटाळलं. हे ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ला अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला खरा, पण अस्पृश्यता अन्यायकारक आहे असं हायकोर्ट कुठेही म्हणालं नाही. अनादी काळापासून चालत आलेली म्हणून जी रूढी सांगितली जाते ती वादींना शाबीत करता आली नाही, एवढ्यावर प्रकरण मिटलं.

याच निकालाच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी १९३७मध्ये, प्रांतिक निवडणुका झाल्या होत्या. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. पक्षाने सतरा उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आले. बाबासाहेब मुंबईतून आमदार झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी, रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्यांचं काम दिवसा कोर्टात, संध्याकाळी परळच्या कचेरीत आणि अधिवेशनात विधिमंडळात चालायचं. ज्या गिरणगावातल्या चाळींत त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं काढली, त्या चाळींतले लोकच त्यांचे पक्षकार होते, मतदार होते आणि कार्यकर्तेही होते.

आज एखादी हुशार मुलगी कायद्याची पदवी घेऊन म्हणते, ‘मला लोकांच्या हक्कांसाठी काम करायचंय,’ तेव्हा तिच्यासमोर तीन स्वतंत्र दरवाजे असतात. एक, मानवी हक्कांची वकिली: एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे किंवा संस्थेत काम, जनहित याचिका, पोटापुरते पैसे किंवा तेवढेही नाहीत. शहरी भागातल्या ज्युनियरला महिन्याला किमान २० हजार रुपये द्यावेत असं बार कौन्सिल ऑफ इंडियाला २०२४मध्ये परिपत्रक काढून सुचवावं लागलं, यावरून काय ते समजा. दोन, निवडणुकीचं काम: गेल्या दहा-बारा वर्षांत उभ्या राहिलेल्या सल्लागार कंपन्या. तिथे पगार चांगला, लॅपटॉप मिळतो, ‘वॉर रूम’ असते आणि मतमोजणीच्या संध्याकाळी सगळं गुंडाळून पुढच्या राज्याची तयारी. तीन, शहराचं धोरण: नगररचना, अहवाल, कार्यशाळा, परदेशी पाहुणे. या तिन्ही दरवाजांआडची माणसं एकमेकांना फारशी ओळखत नाहीत, आणि खरं सांगायचं तर एकमेकांना जरा तुच्छच लेखतात. वकिलाला राजकारणी बाटगा वाटतो, प्रचारवाल्याला वकील भाबडा वाटतो आणि धोरणवाल्याला दोघेही अडाणी.

माझं म्हणणं असं की शहरातल्या माणसाचा हक्क या तिन्ही ठिकाणी मिळून घडतो, आणि एकेका ठिकाणी तो अर्धाच मिळतो. ही फारकत आपल्याला महागात पडली आहे. मुंबईची चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्याची साक्ष देतात.

जुलै १९८१. तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवरच्या आणि झोपडपट्ट्यांतल्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवायचं. भर पावसात झोपड्या पाडायला सुरुवात झाली. ऑल्गा टेलिस या पत्रकार, नागरी हक्कांच्या संघटना आणि खुद्द फुटपाथवासी कोर्टात गेले. १० जुलै १९८५ला सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, कारण पोट भरायचं साधन काढून घेतलं तर जगणंच काढून घेतल्यासारखं आहे, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. कायद्याच्या प्रत्येक वर्गात हा निकाल शिकवतात, देशाबाहेरही त्याचा दाखला देतात. पण खटला कोणी जिंकला, असं विचारलं की वर्गात शांतता पसरते. खटला महापालिकेने जिंकला. १८८८च्या मुंबई महापालिका कायद्यातलं कलम ३१४, ज्याखाली फुटपाथवरचं काहीही नोटिशीशिवाय हटवता येतं, ते वैध ठरलं. झोपड्या पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, राहू द्या, एवढी सवलत मिळाली. आणि ज्यांच्याकडे १९७६च्या झोपडपट्टी गणनेचं ओळखपत्र असेल त्यांना पर्यायी जागा द्यावी, असं सांगितलं गेलं.

त्या शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. हक्क सगळ्यांचा, पण जागा कार्ड असलेल्याला. कोर्टाने तत्त्व दिलं आणि अंमल प्रशासनाच्या कागदावर सोडला. तो कागद कोण बनवणार, कोणत्या तारखेचा ग्राह्य धरणार, हे ठरवायला कोर्टात कोणी उरलं नव्हतं. ही पोकळी राजकारणाने भरून काढली, आणि ती कशी भरली हे सांगितल्याशिवाय मुंबईचं घरांचं राजकारण कळत नाही.

१९९५च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने मुंबईतल्या ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरं देण्याचं आश्वासन दिलं. युती सत्तेवर आली, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालं. घर कोणाला? ज्याचं नाव १ जानेवारी १९९५च्या किंवा त्याआधीच्या मतदारयादीत आहे आणि जो त्या झोपडीत राहतो त्याला. मग २००४च्या निवडणुकीआधी काँग्रेसने ही तारीख १ जानेवारी २००० करू असं सांगितलं. ती कायद्यात यायला २०१४ उजाडलं. पुढे २०११पर्यंतच्यांनाही घर, पण पैसे भरून. तारखा पुढे सरकत गेल्या आणि प्रत्येक सरकण्यामागे एक निवडणूक होती. मुंबईत ‘कट-ऑफ’ हा शब्द मराठी-हिंदी-तमिळ बोलणारी म्हातारी माणसंही सहज वापरतात.

आणि आता तो कागद जवळून पाहा. एखाद्या पुनर्वसन योजनेचं परिशिष्ट-२, म्हणजे पात्र-अपात्र झोपडीधारकांची यादी, तयार होतं तेव्हा ते वस्तीत लावलं जातं. अनुक्रमांक, झोपडीधारकाचं नाव, वापर निवासी की अनिवासी, पुराव्यांचे रकाने आणि शेवटी पात्र किंवा अपात्र. मतदारयादीत नाव ‘शेवंता’, रेशनकार्डावर ‘शेवंताबाई’, लाइटबिल मेलेल्या नवऱ्याच्या नावावर, आणि घरक्रमांक मधल्या काळात दोनदा बदललेला. एवढ्यावर माणूस अपात्र होतं. अपात्र झालं की अपील, अपिलासाठी जुन्या मतदारयादीचा साक्षांकित उतारा, उताऱ्यासाठी खेटे. निवडणुकीच्या दिवशी बूथवरच्या टेबलाशी बसलेला पोऱ्या ज्या यादीवर फुली मारून ‘झालं मतदान’ म्हणतो, त्याच यादीचा जुना उतारा वीस वर्षांनी एका कुटुंबाला घर मिळणार की नाही ते ठरवतो. प्रचार, कायदा आणि शहराचं धोरण या तीन गोष्टी वेगळ्या आहेत असं ज्याला वाटतं, त्याने हा उतारा मिळवायला एकदा कुणाबरोबर तरी जाऊन यावं.

यात दोष कोणाचा? सोपं उत्तर आहे, राजकारण्यांचा. त्यांनी हक्काचं मतांसाठी बक्षीस केलं. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. ज्यांना हक्काची भाषा येत होती ते लोक त्या वेळी निवडणुकीच्या बाहेर उभे होते. आश्वासन तयार होताना, विकास नियंत्रण नियमावलीतलं झोपडपट्टी पुनर्वसनाचं ३३(१०) कलम लिहिलं जाताना, ‘मतदारयादी हाच मुख्य पुरावा का, भाडेकरूचं काय, एकट्या बाईचं काय, ज्याला अजून मत नाही त्याचं काय’ हे विचारणारा वकील पक्षाच्या बैठकीत नव्हता. तो नंतर, पात्र-अपात्रतेच्या अपिलात, एकेका कुटुंबाच्या बाजूने उभा राहिला. दार बंद झाल्यावर.

आणि योजनेचं काय झालं ते मुंबईकराला माहीत आहेच. २२५ चौरस फुटांची घरं, एकमेकांना खेटून उभ्या इमारती, अडकलेली बांधकामं, संक्रमण शिबिरात म्हातारी झालेली माणसं. ४० लाखांच्या आकड्याच्या जवळपासही तीस वर्षांत कोणी पोहोचलं नाही.

उलट बाजूचं उदाहरण आपल्याच शहरात आहे, फक्त ते वकिलाचं नाही. मृणाल गोरे. वैद्यकीचं शिक्षण अर्धवट सोडून समाजवादी पक्षाचं काम, गोरेगावात पाण्यासाठी मोर्चे, १९६१ला महापालिकेत नगरसेविका. लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणत, ते काही कौतुकाचं विशेषण म्हणून सुचलेलं नव्हतं. नळाला पाणी येतं का, कोणत्या वेळी येतं, जलवाहिनी कुठून वळवली, या प्रश्नांवर ही बाई महापालिकेच्या सभागृहात तासन्‌तास उभी राहायची, बाहेर हंडे घेऊन बायका उभ्या असायच्या. पुढे त्या आमदार झाल्या, आणीबाणीत तुरुंगात गेल्या, १९७७ला खासदार झाल्या. ‘पाणीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा तेव्हाची. नंतर बाबुराव सामंतांसारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी नागरी निवारा परिषद काढली. शहरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६चा. त्याखालची जास्तीची जमीन सरकारने गरिबांच्या घरांसाठी घ्यावी असं कायदाच सांगत होता, पण जमीन सुटत नव्हती. परिषदेने त्यासाठी कोर्ट, मंत्रालय आणि रस्ता हे तिन्ही मार्ग वापरले आणि दिंडोशीला सहा हजारांहून जास्त घरं उभी राहिली. कमी उत्पन्नाच्या माणसांची, सहकारी तत्त्वावरची, बिल्डरला चटईक्षेत्राची, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीची, लाच न देता. मला वाटतं, मुंबईच्या घरांच्या इतिहासात इतकं पद्धतशीर काम फार थोडं झालं आहे, आणि त्याच्यावर कायद्याच्या महाविद्यालयात तासभरही कोणी बोलत नाही. कारण ते एका याचिकेचं नाव नाही.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप. निवडणूक ही बहुमताची गोष्ट. ज्याच्या बाजूने मतं नाहीत त्याच्यासाठी कोण लढणार? जो कट-ऑफनंतर आला, जो रेल्वेच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर राहतो, ज्याचं नाव यादीत घालायला कोणालाच उत्साह नाही, त्याच्या पाठीशी पक्ष उभा राहील? नाही राहणार. अशा माणसाला कोर्टच लागतं, आणि कोर्टात त्याची बाजू मांडणारा वकील कोणाच्या पक्षाचा असेल तर त्याच्या शब्दाला वजन राहत नाही. हा आक्षेप खरा आहे. वस्त्यांच्या पाण्यासाठी लढणाऱ्या पाणी हक्क समितीचा खटला त्याचा पुरावा आहे.

२०००नंतरच्या झोपड्यांना महापालिका पाणी देत नव्हती. अनधिकृत बांधकामाला पाणी दिलं तर अनधिकृत बांधकाम वाढेल, असं सांगितलं जायचं. लोक पाणी पीत होतेच, फक्त टँकरवाल्याकडून किंवा चोरट्या जोडणीतून, सोसायटीतल्या माणसापेक्षा कितीतरी पट पैसे मोजून. समितीने जनहित याचिका केली. डिसेंबर २०१४मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाण्यावाचून ठेवता येणार नाही. अधिकृत घरासारखंच पाणी द्या असं कोर्ट म्हणालं नाही. दर वेगळा लावा, वेगळ्या पद्धतीने पुरवा, पण द्या. हा निकाल कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यातून आला नसता.

पण पुढे बघा. निकालानंतर महापालिकेचं धोरण यायला २०१६ उजाडलं. त्यातून केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या, फुटपाथवरच्या, खाजगी जागेवरच्या वस्त्या वगळल्या गेल्या किंवा जमीनमालकाच्या ना-हरकत दाखल्यावर अडकल्या. रेल्वे असा दाखला आपण होऊन का देईल? मग २०२२मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण जाहीर झालं. म्हणजे एका निकालाला खालपर्यंत झिरपायला साडेसात वर्षं लागली, आणि अजूनही वस्तीत नळ हवा असेल तर काही घरांचा गट करायचा, सेक्रेटरी नेमायचा, परवानाधारक प्लंबर शोधायचा, वॉर्ड ऑफिसच्या पाणी खात्यात अर्ज द्यायचा आणि मग नगरसेवकाकडे जायचं. नगरसेवकाकडे जावंच लागतं. अधिकारी अर्ज ठेवून घेतो. नगरसेवकाने फोन केला की तो अर्ज वर येतो. महाडला १९२४चा ठराव आणि १९२७ची घागर यांच्यात जे अंतर होतं, तेच अंतर मालवणीच्या अंबुजवाडीसारख्या वस्त्यांमध्ये निकाल आणि नळ यांच्यात आहे.

म्हणून आक्षेप मान्य करूनही मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे. एकाच माणसाने एकाच वेळी तिन्ही टोप्या घालाव्यात असं नाही. कोर्टात उभ्या राहणाऱ्याने पक्षाचं पद घेऊ नये, हे मलाही पटतं. पण एकाच आयुष्यात माणूस या तिन्ही ठिकाणी काम करू शकतो, करायला हवं, आणि ते केल्याने तो बाटत नाही. दहा वर्षं अपिलं लढवलेला वकील वॉर्डातून उभा राहिला तर त्याला परिशिष्ट-२ वाचता येईल. प्रचारात घरोघर फिरलेली मुलगी नंतर कोर्टात याचिका लिहील तेव्हा तिच्या शपथपत्रातली माणसं खरी असतील. हे आदर्शवादी बोलणं नाही. सर फिरोजशहा मेहता हे बॅरिस्टर, काँग्रेसचे नेते आणि मुंबई महापालिकेचे धुरीण होते; ज्या १८८८च्या कायद्यावर ती महापालिका आजही चालते, त्याच्या घडणीत त्यांचा हात होता. गरिबाला तेव्हा मत नव्हतं आणि मेहतांचं राजकारण करदात्या भद्रलोकांचं होतं, हे विसरून चालणार नाही. पण पेशांची ही भेसळ आपल्या शहराला नवी नाही, एवढं त्यातून दिसतं. नवी आहे ती त्यांच्यातली भिंत.

फेरीवाल्यांचं उदाहरण देऊन टाकतो, लांबवत नाही. २०१४ला संसदेने पथविक्रेता कायदा केला. चांगला कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी खुद्द विक्रेत्यांचे, तेही निवडून आलेले, अशी तरतूद आहे. मुंबईत २०१४च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले आणि पात्र ठरले साधारण १५ हजार, कारण अधिवासाचा दाखला. मुद्दा पुन्हा कागदाचाच. कायदा दिल्लीत लिहिणाऱ्याने दादरच्या फुटपाथवर भाजी विकणाऱ्या बाईकडे कोणता कागद असतो हे पाहिलं नव्हतं, आणि दादरच्या नगरसेवकाला कायदा वाचायची गरज वाटली नाही. दहा वर्षं गाड्या उचलणं चालू राहिलं.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट मात्र गेल्या चार वर्षांत घडली आणि ती आपल्या नागरी हक्कांच्या चर्चेत जवळजवळ आलीच नाही. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ला संपली. निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ला. मधली जवळपास चार वर्षं देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. २२७ जागा रिकाम्या. प्रशासक अंदाजपत्रक मांडायचा आणि प्रशासकच ते मंजूर करायचा. या काळात अंदाजपत्रक २०२२-२३च्या ४५,९४९ कोटींवरून २०२५-२६ला ७४,४२७ कोटींवर गेलं. पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, सगळीकडे हीच कथा, काही ठिकाणी याहून लांब.

घटनेचं कलम २४३-यू स्पष्ट सांगतं की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, आणि महापालिका बरखास्त झाली असेल तर सहा महिन्यांच्या आत. २००६मध्ये अहमदाबादच्या किशनसिंग तोमर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की नैसर्गिक आपत्तीसारखं खरोखर अपवादात्मक कारण सोडलं तर ही मुदत पाळलीच पाहिजे. मग चार वर्षं कशी गेली? ओबीसी आरक्षणाच्या तिहेरी कसोटीचा (आयोग नेमा, मागासलेपणाची माहिती गोळा करा, एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवा) वाद, प्रभागांची संख्या २२७ की २३६ हा वाद, सरकार बदललं, कायदा बदलला, याचिका, स्थगिती, पुढची तारीख. आरक्षणाचा प्रश्न खोटा नव्हता. राजकीय प्रतिनिधित्वाचा तो रास्त प्रश्न होता. पण तो सोडवण्यासाठी लागणारी माहिती गोळा करायला सरकारांकडे वर्षानुवर्षं होती. अखेर ६ मे २०२५ला सुप्रीम कोर्टाला चार महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली, आणि तीही जानेवारी २०२६अखेरपर्यंत वाढवावी लागली.

या चार वर्षांत वस्तीतल्या माणसाचं काय झालं, ते पाणी खात्यात विचारा. ज्या फोनने अर्ज वर यायचा तो फोन करणारं कोणी उरलं नाही. आमदाराकडे जा म्हणाले तर आमदाराचा मतदारसंघ प्रभागाच्या सहा-सहा पट. नगरसेवक भ्रष्ट असतात, टक्केवारी खातात, हे मी नाकारत नाही. पण त्याच्या ऑफिसात संध्याकाळी सात वाजता जाऊन आरडाओरडा करता येतो. प्रशासकाच्या केबिनबाहेर करून बघा.

या काळात हक्कांच्या चळवळीतल्या फार थोड्या लोकांनी याला आपला प्रश्न मानलं. याचिका झाल्या त्या मुख्यतः आरक्षणावर आणि प्रभागरचनेवर, आणि त्या इच्छुक उमेदवारांनी किंवा पक्षांनी केलेल्या. ‘आमच्या वस्तीला चार वर्षं प्रतिनिधी नाही’ हा मुद्दा घेऊन वस्ती कोर्टात गेलेली फारशी दिसली नाही. मला ही गोष्ट फार लागते. मताचा हक्क हा नागरी हक्कांतला पहिला, असं आपण अमेरिकेच्या उदाहरणाने शिकवतो आणि आपल्याच शहरात चार वर्षं तो गोठवला तर त्याला ‘प्रशासकीय राजवट’ म्हणून मोकळे होतो.

करायचं काय, तर मला दिसतं ते असं. कायद्याच्या महाविद्यालयांत विधी सेवा केंद्रं असतातच. ती तालुका न्यायालयाच्या आवारात आणि गावातल्या शिबिरात जितकी जातात तितकीच वॉर्ड ऑफिसात जावीत. तिथे मुलांना परिशिष्ट-२ची अपिलं, नळाचे अर्ज, फेरीवाल्यांच्या पावत्या वाचता येतील. मतदारयादीत नाव घालणं आणि चुका दुरुस्त करणं हे काम पक्षांवर सोडू नये. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ते कोणत्याही पक्षाशिवाय करावं, कारण पुढच्या कट-ऑफचा पुरावा तिथेच तयार होतोय. क्षेत्रसभांची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात २००९पासून आहे. मोहल्ल्यातल्या मतदारांनी जमून प्रभागाच्या कामांचा प्राधान्यक्रम ठरवायचा, अशी. ती कागदावरच आहे. जानेवारीत निवडून आलेल्या नव्या सभागृहातल्या एखाद्या वकील नगरसेवकाने किंवा नगरसेविकेने तिचा पाठपुरावा करायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि पक्षांनी, विशेषतः जे पक्ष आपल्याला आंबेडकरी किंवा समाजवादी म्हणवतात त्यांनी, दहा-पंधरा वर्षं कोर्टात काम केलेल्या माणसांना नुसती प्रवक्तेपदं न देता वॉर्ड द्यावेत. टीव्हीवरचा वकील फार झाला, स्थायी समितीत बसून निविदा वाचणारा वकील हवा आहे.

एक काम मात्र आत्ताच सुरू करावं लागेल. २०२७ला जनगणना होणार आहे. तिचे आकडे आले की प्रभागांची फेररचना, जागांची संख्या, आरक्षणाचं प्रमाण या सगळ्याचा पाया बदलेल आणि प्रत्येक टप्प्यावर नव्या याचिकेला जागा असेल. मुंबईच्या नव्या सभागृहाची मुदत २०३१च्या सुरुवातीला संपते. त्याआधी राज्याच्या कायद्यात हे लिहून घ्यायला हवं की प्रभागरचना आणि आरक्षणाची माहिती निवडणुकीच्या अमुक महिने आधी गोठवली जाईल, आणि ती तयार नसेल तर जुन्याच रचनेवर निवडणूक होईल. प्रशासक सहा महिन्यांपलीकडे अंदाजपत्रक मंजूर करू शकणार नाही, हेही त्यात हवं. विधेयकाचा मसुदा वकिलांनी करायचा, त्यावर आमदारांच्या सह्या मिळवायचं काम वॉर्डातल्या कार्यकर्त्यांनी करायचं आणि अंदाजपत्रकाचं कलम महापालिकेचा कारभार कळणाऱ्यांनी लिहायचं. नाहीतर २०३१मध्येही आपण पुन्हा प्रशासकाची नेमणूक वाचत असू.